काटकसरीने मोटार चालवण्याचा इतिहास

गोष्ट १९३९ सालची आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात वुड रिव्हर येथे शेल या तेल कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. तेथील शास्त्रज्ञांमध्ये एक पैज लागली. प्रत्येकाने आपापली मोटार आणायची आणि एका गॅलन पेट्रोलमध्ये ती जास्तीत जास्त किती लांब नेता येते ते दाखवायचे. जिंकणाऱ्याने गॅलनला सुमारे ५० मैल, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर, असा पल्ला गाठला. पेट्रोल मुबलक आणि स्वस्त असलेल्या त्या देशात ही निव्वळ गंमत होती. पण या गमतीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. गाडी किती इंधन पिते हे जसे इंजिनावर अवलंबून असते, तसेच ते चालवणाऱ्याच्या पायावरही अवलंबून असते.

वेग बेताचा ठेवा, उगाच ब्रेक मारू नका, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा, थांबलात तर इंजिन बंद करा, असे सल्ले आज आपण पेट्रोल पंपावरच्या फलकांवर आणि पर्यावरणाच्या पाठांत वाचतो. ते इतके परिचयाचे झाले आहेत की कोणी, केव्हा आणि कशासाठी दिले हा प्रश्न सहसा मनात येत नाही. या सल्ल्यांनाही इतिहास आहे. त्यातले काही आज जसेच्या तसे लागू पडतात, तर काही चक्क उलटे झाले आहेत. मुलांना हे विषय शिकवणाऱ्यांनी तो इतिहास म्हणूनच जाणून घ्यायला हवा.

शर्यत, पण सावकाश

वुड रिव्हरच्या पैजेआधी, १९३६ मध्ये, कॅलिफोर्नियात गिलमोर ऑइल कंपनीने 'इकॉनॉमी रन' सुरू केली होती. लॉस एंजेलिसपासून योसेमिटीपर्यंतच्या या शर्यतीत पहिला येणारा नव्हे, तर कमीत कमी इंधनात पोहोचणारा जिंकत असे. पुढे मोबिल कंपनीच्या नावाने ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. मध्ये महायुद्धामुळे काही वर्षे तिला खंड पडला. बाजारात मिळणाऱ्या साध्या मोटारीच तिच्यात उतरत, त्यामुळे कोणती गाडी किती 'ॲव्हरेज' देते याची जाहिरातही होई.

शेलची पैज मात्र वेगळ्या वाटेने गेली. १९४९ मध्ये बदल केलेल्या एका स्टुडबेकर गाडीने लिटरला सुमारे ६४ किलोमीटर पल्ला गाठला. १९७३ मध्ये मूळच्या १९५९ सालच्या एका ओपेल गाडीने तर लिटरला सुमारे १६० किलोमीटर! अर्थात ही ओपेल रस्त्यावर वापरण्याजोगी राहिली नव्हती. अशा स्पर्धांतली नेहमीची युक्ती म्हणजे इंजिन थोडा वेळ चालवून गाडीला जरासा वेग द्यायचा, मग इंजिन बंद करून ती घरंगळू द्यायची आणि वेग फारच कमी झाला की पुन्हा इंजिन सुरू करायचे. रहदारीच्या रस्त्यावर असे कोणी करू नये. पण गाडीला एकदा दिलेली गतिज ऊर्जा ही एक ठेव आहे, ती ब्रेकमध्ये उधळायची नसते, हे तत्त्व या खेळातून ठसठशीतपणे पुढे आले.

रबरासाठी वेगमर्यादा

गमतीचे गरजेत रूपांतर झाले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ च्या सुरुवातीस जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) ताब्यात घेतले. अमेरिकेला लागणाऱ्या नैसर्गिक रबरापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रबर याच भागातून येत असे. विमाने, तोफगाड्या, लष्करी ट्रक यांना टायर कोठून आणायचे? यावर विचार करण्यासाठी बर्नार्ड बरूक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचे इतर दोन सदस्य शास्त्रज्ञ होते : रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन. सप्टेंबर १९४२ मध्ये समितीने अहवाल दिला. कृत्रिम रबराचे कारखाने उभारावेत, आणि ते उभे राहीपर्यंत नागरिकांच्या मोटारींचे टायर वाचवावेत, असे त्यात म्हटले होते. त्यासाठी देशभर पेट्रोलचे रेशनिंग करावे आणि ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची, वेगमर्यादा घालावी अशा शिफारशी होत्या.

१ डिसेंबर १९४२ पासून देशभर रेशनिंग सुरू झाले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलची खरी टंचाई होती, कारण जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजे बुडवत होत्या. परंतु देशाच्या इतर भागांत पेट्रोल पुरेसे होते. तेथे ते मोजून दिले जात होते ते रबर वाचावे म्हणून! गाडी कमी धावली तर टायर कमी झिजतात, आणि सावकाश धावली तर आणखी कमी. 'हा प्रवास खरोखरच गरजेचा आहे का?' असा प्रश्न विचारणारी भित्तिपत्रके लागली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकाच गाडीतून कामाला जावे असा आग्रह धरला गेला. १९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपताच वेगमर्यादा उठली, आणि या सवयीही उठल्या.

आपल्याकडेही त्या काळात पेट्रोलचे रेशनिंग होते. मागे शेगडीसारखे यंत्र बसवलेल्या, कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बसगाड्या तेव्हाच्या पिढीच्या आठवणीत होत्या.

१९७३ : तेलाचा झटका

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध सुरू झाले आणि अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिका व तिच्या काही मित्रदेशांचे तेल रोखले. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीने काही रविवार मोटारींना रस्त्यावर येण्यास बंदी केली. रिकाम्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन आणि पायी फिरत होते, त्याची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. वेगासाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन महामार्गांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आली, आणि मार्च १९७४ मध्ये ती उठवलीही गेली.

अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी एका कायद्यावर सही केली. त्याने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, कमाल वेगमर्यादा लागू झाली. ट्रकचालक संतापले, त्यांनी संप केले, रस्ते अडवले. पुढे पोलीस कोठे उभे आहेत हे एकमेकांना कळवण्यासाठी ते गाडीतले सीबी रेडिओ वापरू लागले.

या मर्यादेने काय साधले? अपेक्षेपेक्षा इंधन कमी वाचले. देशाच्या वाहतुकीत लागणाऱ्या एकूण इंधनाच्या जेमतेम एक-दोन टक्क्यांच्या आसपास ही बचत असावी, असे नंतरचे अंदाज सांगतात. याचे एक कारण म्हणजे मर्यादा सर्रास मोडली जाई. दुसरे म्हणजे ती केवळ मोठ्या रस्त्यांवरच्या वेगाला लागू पडे; शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीला तिचा काही उपयोग नव्हता. पण एक वेगळाच लाभ झाला. अमेरिकेतील रस्ते अपघातांतले मृत्यू १९७३ मध्ये सुमारे ५४ हजार होते, ते १९७४ मध्ये सुमारे ४५ हजारांवर आले. लोकांचा प्रवासच घटला होता, त्यामुळे याचे सगळे श्रेय वेगमर्यादेला देता येत नाही. पण मोठा वाटा तिचा होता. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अधिकृत अभ्यासानुसार ही मर्यादा दरवर्षी दोन ते चार हजार जीव वाचवत होती. पेट्रोल वाचवायला निघालेल्या कायद्याने माणसे वाचवली! तरीही तेल स्वस्त झाल्यावर १९८७ मध्ये तो सैल झाला आणि १९९५ मध्ये रद्द झाला.

भारतात १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये पेट्रोलचे दर एकदम वाढले. त्याचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले होते. योगायोग असा, की लगेच फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हाय येथे, तेल सापडले. तरी आयात काही संपली नाही. १९७८ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने गाडी चालवा. ताशी ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर तोडता येईल, हा तिचा सल्ला अनेकांना पाठ असेल.

यामागचे भौतिकशास्त्र

हा सल्ला तपासून पाहायला अकरावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. समजा, गाडीचे वजन १,००० किलोग्रॅम आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना तिला मुख्यतः दोन विरोध होतात. पहिला टायरचा. रस्त्याला टेकलेला भाग सतत दबत आणि सुटत राहिल्याने ऊर्जा उष्णतेच्या रूपात जाते. हा विरोध साधारण १२० न्यूटन धरू. वेगाबरोबर तो फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यम आकाराच्या गाडीसाठी तो ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ८० न्यूटन, ८० ला सुमारे २०५ आणि १०० ला सुमारे ३२५ न्यूटन भरतो. म्हणजे एकूण विरोध अनुक्रमे २००, ३२५ आणि ४४५ न्यूटन झाला. दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा याच प्रमाणात वाढते. ५० ऐवजी १०० च्या वेगाने गेलो तर चाकांपाशी दुपटीहून अधिक ऊर्जा लागते.

मग ताशी २० किलोमीटर वेगाने गेल्यास पेट्रोल सर्वांत कमी लागेल का? नाही. इंजिनाच्या आतले घर्षण, पंप, पंखे यांची भूक गाडी सावकाश चालली म्हणून कमी होत नाही. अंतर तोडायला जितका जास्त वेळ, तितका हा खर्च दर किलोमीटरला जास्त पडतो. शिवाय पेट्रोल इंजिनावर भार अगदी कमी असला की त्याची कार्यक्षमता घसरते. या दोन्हींमुळे वेग आणि इंधन यांचा आलेख दरीसारखा होतो. दरीचा तळ साधारण ५० ते ७० च्या दरम्यान असतो आणि गाडीगणिक बदलतो.

शहरात मात्र हवेचा विरोध गौण ठरतो आणि ब्रेक महत्त्वाचा. आपली १,००० किलोग्रॅमची गाडी ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा ११२.५ किलोज्यूल होते. एक मिलिलिटर पेट्रोलमध्ये साधारण ३३ किलोज्यूल ऊर्जा असते, पण इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर चाकांना मिळतात सुमारे ८. म्हणजे हा वेग मिळवायला सुमारे १४ मिलिलिटर पेट्रोल खर्च झाले. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते सारे ब्रेकच्या उष्णतेत गेले. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी तेवढ्या पेट्रोलवर पाव किलोमीटर गेली असती. दूरवर लाल दिवा दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबत जाणे आणि मग करकचून ब्रेक लावणे याची ही किंमत आहे.

तिचा दुसरा हिशेब हवेत असतो. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. त्यात साधारण ८६ टक्के, म्हणजे ६४० ग्रॅमच्या आसपास, कार्बन असतो. १२ ग्रॅम कार्बनापासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 'लिटरभर पेट्रोलपासून त्याच्या वजनाच्या तिप्पट वायू कसा?' हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उरलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

उलटे झालेले सल्ले

आता इतिहासाचा खरा धडा. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. सकाळी चोक ओढून गाडी सुरू करायची आणि गरम होईपर्यंत उभी ठेवायची, हा तेव्हाचा रिवाज होता, कारण थंड इंजिन अडखळे. २००० च्या सुमारास आपल्याकडे इंधनाची फवारणी करणारी, संगणकाच्या ताब्यातली इंजिने सर्रास आली. त्यांना थांबून गरम करण्याची गरज उरली नाही. सुरू करून लगेच, पहिली काही मिनिटे हलक्या पायाने, निघणे चांगले. रिवाज मात्र अनेक घरांत टिकून आहे.

दुसरे उदाहरण उताराचे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचते, अशी समजूत आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिच्यात थोडे तथ्य होते. सुरक्षितता तेव्हाही नव्हती, कारण इंजिनाचा आवर सुटल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. आजच्या इंजिनात तर ते तथ्यही उरलेले नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि संगणक हे ओळखून इंधनाची फवारणी पूर्णपणे थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे पेट्रोल जळतच राहते.

तिसरे उदाहरण वेग घेण्याचे. पायाखाली अंडे ठेवले आहे अशा बेताने ॲक्सिलरेटर दाबा, असे पूर्वी सांगत. १९९० च्या दशकात युरोपात काटकसरीच्या चालनाचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा हे बदलले. खालच्या गिअरमध्ये रेंगाळू नका, बेताच्या जोराने वेग घ्या आणि लवकर वरचा गिअर टाका, असे तेथे शिकवले जाऊ लागले. इंजिन कमी फेऱ्यांत आणि बऱ्यापैकी भाराखाली जास्त कार्यक्षम असते, हे त्यामागचे कारण.

१ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. त्याने आणखी एक गोष्ट बदलली. हे उपकरण विषारी वायूंचे रूपांतर निरुपद्रवी वायूंत करते, पण ते पुरेसे तापल्यावरच. घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच्या फेरीत ते तापण्याआधीच प्रवास संपतो. त्यामुळे अंतराच्या मानाने सर्वांत घाण धूर या छोट्या फेऱ्यांत निघतो. मोटारीची सर्वांत निरुपयोगी फेरी हीच, आणि पायी किंवा सायकलने टाळायला सर्वांत सोपीही हीच.

नियम बदलले, पण त्यांमागची कारणे बदलली नाहीत. विजेवर चालणाऱ्या गाडीत ब्रेक लावताना मोटरच जनित्राचे काम करते आणि गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. हवेचा विरोध मात्र तिलाही वेगाच्या वर्गानेच मोजावा लागतो.

सवय का टिकत नाही?

अशा प्रशिक्षणानंतर लगेच इंधनखर्च दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाल्याचे अनेक ठिकाणी दिसले. परंतु काही महिन्यांनी त्यातला बराचसा लाभ ओसरतो. १९४५ मध्ये आणि १९७४ नंतर जे देशांचे झाले, तेच एकेका चालकाचे होते. टंचाई डोळ्यांसमोर असेपर्यंत सवय टिकते. पंपावरची रांग संपली, की पाय पुन्हा जड होतो.

आजची अडचण अशी की या वेळचे संकट रांगेत उभे राहत नाही. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याचा परिणाम आपल्या गाडीपुरता दिसत नाही. टंचाईने शिकवलेली सवय टंचाईबरोबर गेली. समजून घेतलेली सवय टिकण्याची शक्यता अधिक आहे. त्याच वेळी सवयीची मर्यादाही मुलांना प्रामाणिकपणे सांगावी. १९७५ मध्ये अमेरिकेने मोटार कंपन्यांवर नव्या गाड्यांच्या इंधनक्षमतेची अट घातली. वेगमर्यादेपेक्षा त्या कायद्याने वाचवलेले तेल कितीतरी जास्त होते. चांगली गाडी, चांगली बससेवा आणि न केलेली फेरी यांची जागा चालकाचा हलका पाय घेऊ शकत नाही. तो त्यांच्या जोडीला हवा.

वर्गासाठी दोन प्रयोग

पहिला प्रयोग सायकलचा. मैदानावर एक रेघ आखावी. विद्यार्थ्याने ठरावीक वेगाने रेघेपर्यंत यावे आणि तेथे पाय मारणे थांबवावे. सायकल किती मीटर घरंगळत गेली ते मोजावे. मग चाकांतली हवा थोडी कमी करून तसेच करावे. वेग सारखा ठेवणे अवघड जाते, म्हणून प्रत्येक वेळी पाच-सहा मापे घेऊन सरासरी काढावी. टायरमधल्या हवेचा सल्ला कशासाठी, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा प्रयोग घरच्या स्कूटरचा किंवा मोटारीचा, आणि तो घरातल्या मोठ्या माणसांच्या मदतीने करायचा. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. दोन आठवड्यांनी पुन्हा पूर्ण भरावी. किती लिटर मावले आणि किती अंतर झाले यावरून सरासरी निघते. पुढचे दोन आठवडे पुढचा रस्ता पाहून, उगाच ब्रेक न लावता, सिग्नलला इंजिन बंद करून गाडी चालवावी आणि पुन्हा मोजावे. तिसऱ्या नोंदीचा रकाना बहुतेक जण विसरतात : या दोन आठवड्यांत मोटार न काढता पायी किंवा सायकलने केलेल्या फेऱ्या किती? तो रकाना वहीत सर्वांत आधी आखून घ्यावा.